इतर हक्क

मौजे नांदखोल, गट नंबर दोनशे बारा,
क्षेत्र चौदा हेक्टर, पैकी पोटखराबा तेरा.
म्हणजे सडा. म्हणजे कातळ,
खळग्यांत चार महिन्यांचं पाणी, आणि भाद्रपदात जांभळी फुलं,
ज्यांना आमच्या नमुना बारात रकाना नाही.

मी इथे अकरा वर्षं तलाठी होते.

पहिला फेरफार माझ्या आधीचा, टाकाच्या अक्षरातला:
गोताड, पड्याळ, सामाईक सतरा खातेदार,
सगळ्यांना एकाच दुपारी कंस,
खाली कातळज्योत पॉवर लिमिटेड.
ज्यांना सातबारा वाचता येत नाही त्यांना सांगते,
आमच्यात नाव खोडत नाहीत. कंस करतात.
माणूस दिसत राहतो,
नुसता दोन विळ्यांच्या मधे उभा.

मग कोळशाचा धक्का झाला, धुराडं झालं,
आणि माझ्या तिसऱ्या वर्षी कातळज्योत विलीन झाली.
वारुणी एनर्जीचा माणूस आदेश घेऊन आला,
एकशे चाळीस पानं. नांदखोल पान त्र्याण्णववर,
परिशिष्ट क, "व इतर स्थावर" मध्ये.
मी कातळज्योतला कंस केला.
खरं सांगायचं तर थोडं बरं वाटलं,
कंपनीलाही होतो म्हणून.

वारुणीने गॅसची नळी आणली, शेजारचे दोन गट घेतले,
मग वारुणीलाच त्रिसागरने घेतलं.
गेटवर रखवालदार तोच, अश्फाक तांडेल,
तिसरा शर्ट, खिशावर तिसरा बिल्ला,
पगार पहिल्याच ठेकेदाराकडून.
म्हणाला, बाई, मी कोणाकडे कामाला आहे
ते जरा उताऱ्यावर बघून सांगा.

सड्यावर आता काळेनिळे पत्रे, ओळीने,
उन्हाकडे तोंड करून.
फुलं त्यांच्या सावलीत येतात की नाही
ते बघायला आत सोडत नाहीत.

दर एप्रिलात अनुसया गोताड यायची,
पंधरा रुपये मोजून उतारा काढायची.
वाचता यायचं नाही. बोट ठेवून विचारायची,
"हाय ना गे बाय, ती वळ?"
हाय, मी म्हणायचे.
इतर हक्क, शेवटची ओळ:
दर्याकडे जाणेयेणेची वहिवाट, रुंदी पाच फूट,
होडी व प्रेत नेणेस.

तीन कंपन्यांनी ती वाट विकत घेतली होती
आणि एकीलाही ठाऊक नव्हतं.

मग सातबारा संगणकावर गेला.
महिन्यात चार गावं, ऑपरेटर एक, तोही तापाने निजलेला.
रात्री अकरापर्यंत मीच टंकत होते,
सगळी नावं, सगळे कंस,
आणि दोनशे बाराला शेवटची ओळ राहिली.
कोणी पैसे दिले नव्हते. हे लिहून ठेवते,
कारण गावात वेगळं बोललं जातं.
कायद्यात याला शब्द आहे, लेखनप्रमाद.
कलम एकशे पंचावन्न.

नवा धक्का मंजूर झाला तेव्हा भिंत आली.
अनुसया आली, छापील उतारा पुढे धरून,
बोट ठेवलं कोऱ्या जागेवर.

हाय, मी म्हणाले.

निवृत्तीला दोन वर्षं झाली.
दुरुस्तीचा अर्ज मीच टाकलाय, तारखा पडताहेत.
त्रिसागरचा वकील म्हणतो, त्रिसागर आता राहत नाही,
विलीनीकरण चालू आहे,
नवं नाव ठरलं की जबाब देऊ.

परवा अनुसया गेली.
भिंतीतलं लोखंडी दार अश्फाकने उघडलं,
कोणाला न विचारता,
आणि गेटच्या वहीत नोंद केली:
वाहन नाही. माणसं चाळीस. आत एक्केचाळीस, बाहेर चाळीस.
कामाचं स्वरूप, वहिवाट.

त्या पानाची मी झेरॉक्स मागितली आहे.
तो म्हणतो, शाई वाळू दे.