माप

पिंजरा वर आला की मी पितळी माप काढतो.
बारा सेंटिमीटर. पाठ त्याच्या आत बसली
तर खेकडा परत पाण्यात.
मादी असेल, तर कितीही मोठी असो, परत पाण्यात.
अठरा वर्षं हेच. मापात पाप नाही.
हाताला आता विचारावं लागत नाही.

तू आलीस ऑगस्टात, सत्ताविसाव्या आठवड्यात,
आठशे नव्वद ग्रॅम.
मादी, आणि मापाहून लहान.
काचेसमोर उभा राहिलो
आणि दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले,
माझ्याच हातांची भीती वाटून.

मिरेया, रात्रीची नर्स, म्हणाली, हात धुवा.
धुतले. म्हणाली, पुन्हा.
तिसऱ्यांदा कोपरापर्यंत घासले,
तरी आमिषाचा वास नखांच्या कडेला राहिलाच.
"कळू दे की तिला," रोसाउरा म्हणाली, "बाप काय कामाचा आहे ते."
आम्ही हसलो, चार दिवसांत पहिल्यांदा,
आणि लगेच मॉनिटर ओरडला,
जणू कुणाच्या मयतीला हसलो होतो.

हंगाम कुणाच्या बाळासाठी थांबत नाही.
मी पुन्हा बोटीवर.
संध्याकाळी सहाला रेडिओ: वारा, लाटा, कुठे धुकं,
आणि शेवटी बंदरावरचा माणूस घसा साफ करून वाचायचा
रोसाउराची चिठ्ठी:
"एलिसेओसाठी. आठशे पन्नास."
दुसऱ्या दिवशी, "आठशे पस्तीस."
त्या रात्री कुणी पत्ते काढले नाहीत.

मग कळलं, सगळ्याच बोटी कान लावून बसायच्या.
ओयार्सो, ज्याच्याशी दोन हंगाम मी बोललो नव्हतो
(कापलेल्या दोरावरून. दोर त्यानंच कापला होता),
तो अंधारातून कुठूनसा म्हणाला,
"एक किलो झाली की सांग. माझ्याकडे बाटली आहे."
एक किलो व्हायला तुला तेवीस दिवस लागले.
बाटली त्यानं एकट्यानंच संपवली म्हणतात.

मी नव्हतो तेव्हाचं मला माहीत नाही.
दर तीन तासांनी दूध काढायचं, रात्रीसुद्धा,
निळ्या खुर्चीत, यंत्राच्या घरघरीत,
एवढं ती सांगते.
एकतिसाव्या रात्रीचं सांगत नाही.
तिच्या वहीत त्या पानावर नुसत्या वेळा आहेत:
दोन दहा. दोन चाळीस. तीन पाच.
मग कोरी जागा.
मग सकाळी सात, पेन दाबून लिहिलेलं:
दूध, चार मिली, पचलं.

परतलो तेव्हा मिरेयानं माझा शर्ट उघडला
आणि नळ्या-तारांसकट तुला छातीवर ठेवलं.
अंगावर काटा आला,
आणि तो तुला टोचेल म्हणून मी श्वास रोखून धरला.
"श्वास घ्या," ती म्हणाली.
"ती तुमचा ऐकून घेते."

त्यानंतर बोटीवर छोटी मादी हाती आली की
मी फेकत नाही.
कठड्यावरून वाकतो, पाण्यावर ठेवतो.
पोरं हसतात. हसू देत.

रोसाउरानं तुझं नाव माझ्या आईचं ठेवलं, एर्मिंदा.
एवढ्याशा मनगटावर एवढं जुनं नाव,
पट्टीवर दोन ओळींत लिहावं लागलं.

चौऱ्याण्णवाव्या दिवशी दार उघडलं
आणि बाहेर नोव्हेंबरचा वारा.
आमच्या पुंता अरेनासमध्ये अशा दिवसांत चौकाचौकात दोर बांधतात,
माणसं उडून जाऊ नयेत म्हणून.
माझे दोन्ही हात तुझ्यात गुंतलेले.
तुझ्या आईनं एका हातात दोर धरला,
दुसऱ्यात माझा कमरपट्टा,
आणि आम्ही रस्ता ओलांडू लागलो,
बोट धक्क्याला लावावी तसे, इंच इंच.
एक टॅक्सी थांबली. नको म्हणालो, का कोण जाणे.

मधोमध तू शिंकलीस.
एवढ्या वाऱ्यात
तुझा स्वतःचा, वेगळा,
इवलासा वारा.