शीपचं अनेकवचन

सोपं आहे, म्हणाले मी, शेवटी एस लावा.
खिडकीतून डोंगराकडे बोट केलं :
एक पवनचक्की, विंडमिल.
सगळ्या मिळून विंडमिल्स.
त्या दिवशी अर्ध्याच फिरत होत्या,
पण एस सगळ्यांना लागतो,
बंद पडलेल्यांनासुद्धा.

मग वाक्यं. इज जातो, आर येतो.
दुसऱ्या बाकावरची प्रणाली पटकन म्हणाली,
म्हंजे शे नं शेतस, बाई.
घरची बोली वर्गात नको, असा नियम माझाच.
तरी लिहिलं फळ्यावर : इज, शे. आर, शेतस.
निजामपूरची सहावी ब
पहिल्यांदाच एका दमात पुढे गेली.

वुल्फचं वूल्व्ज, एफचा व्ही होतो.
लांडगा एकला येतच नही,
मागून नवल मारनर म्हणाला.
ठेलाऱ्याचा पोर.
त्याचा बाक दिवाळीपर्यंतचाच.
मग घोडीवर खाट उलटी बांधायची,
खाटेत कोंबड्या, कोकरं, धाकटी बहीण,
आणि गवत असेल तिकडे.

शीप मात्र तसंच राहतं, मी सांगितलं.
वन शीप, टेन शीप.
नवल उभा राहिला.
मंग कितल्या शेतस ते कसं कयी, बाई?
आकड्यावरून.
आन आकडा लिखेल नही ऱ्हायना ते?
क्रियापदावरून. द शीप इज. द शीप आर.
तो खाली बसला, पटला नव्हता.
अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहिला,
ओठ हलत होते.

दहिवेलच्या अलीकडे हायवेच्या वळणावर
पहाटे टँकर कळपात शिरला.
हे मला शिपाई नथूभाऊंनी सांगितलं,
चहाची कपबशी ठेवता ठेवता.
नवल चौथ्या दिवशी आला.
कशाला आलास, असं विचारणार होते,
गृहपाठ केलास का, असं विचारलं.

वही दिली त्यानं.
शीप, आणि पुढे आकडा, त्र्याऐंशी. खोडलेला.
शीप. एकाहत्तर.
शब्दाला खरंच काही झालं नव्हतं.

खाली पाच वाक्यं.
माय फादर आर ऑन द रोड.
लाल पेन आपोआप आर भोवती फिरलं.
वडील एक, म्हणून इज, मी समासात लिहिलं,
आणि लिहितानाच कळलं त्याचं काय झालंय :
आपण बापाला एकटा असला तरी आहेत म्हणतो.
माय मदर इज विथ शीप.
हे बरोबर होतं.
आईला मराठीनंही एकटीच ठेवलीय,
तिथे पोरांचं चुकत नाही.

सहामाहीत शेवटचा प्रश्न होता,
आय ॲम गोइंग, अनेकवचन करा.
त्यानं केलं. मी मार्क दिला, पूर्ण.
सोमवारी बाक रिकामा.
हजेरीत गैरहजर लिहिताना थांबले जरा,
एकाच्या रकान्यात किती जण गेले म्हणून.

वही माझ्याकडेच राहिली.
परवा शेवटचं पान उघडलं.
पेन्सिलीनं, वाकड्या ओळीत, बारा नावं :
कबरी, कानतुटी, मामाची, धाकली भुरी,
दोनदा व्यालेली,
आणि एक जे मला वाचताच येत नाही.
लाल पेन हातात होतं.
टोपण लावून ठेवलं.