यजमान

पाटीवर दोन नावं आहेत,
एक पायदळाचं, एक विमानांचं,
मधे आडवी रेघ.
रेघ नवी, दोन हजार दहाची.
त्याआधी तिथे तारेचं कुंपण होतं
आणि कुंपणाच्या दोन बाजूंना
एकच कॉफी दोन भावांनी मिळायची.
आता संयुक्त तळ म्हणतात.
कुणाकुणाचा, ते पाटीवर मावलं नाही.

मी पासच्या खिडकीत बसतो, सहा ते दोन.
पिझ्झावाले येतात, छपरं दुरुस्त करणारे,
बाळ कडेवर घेतलेल्या एकोणीस वर्षांच्या बायका.
कंदाहारच्या दिवसांत रात्री सी-सतरा उतरायचं,
त्यात माणसं उभी आलीत की आडवी
हे आम्हाला धावपट्टीवरच्या शांततेवरून कळायचं.
घरी कुणी बोलत नसे.

मे महिन्यात झेल्मा येते, निस्क्वाली, नदीपलीकडची.
आमच्या नकाशात नदी ही हद्द आहे,
तिच्या बोलण्यात मधोमध वाहते.
हातात हरणाच्या शिंगाची मूठ लावलेली काठी.
मी विचारतो, हत्यार?
ती म्हणते, कमासचे कंद काढायला.
खड्ड्यात दोन दिवस भाजले की रताळ्यासारखे गोड होतात,
तुला कसं माहीत असणार.

तिची आजी तिथलीच,
आता जिथे मोर्टारचा पल्ला मोजतात तिथली.
एकोणीसशे सतराच्या थंडीत कुणी घोड्यावरून आलं,
म्हणालं, युद्ध आहे, निघा.
गाडीत शेगडी चढली, शिवणयंत्र चढलं.
सफरचंदाची झाडं कशी चढवणार?
ते युद्ध पुढच्या वर्षी संपलं.
छावणी राहिली.
तिला पुढची युद्धं मिळत गेली.

आमच्याकडे एक फुलपाखरांचा साहेब आहे,
सरकारी पगारावर फुलपाखरं मोजतो.
तो सांगतो, बाहेर सगळीकडे माळ संपला,
मॉल आले, फरची झाडं आली.
निळा माळ वाचला तो फक्त तोफांखाली;
गोळे पडतात, गवत पेटतं, झाडं वाढत नाहीत.
हे मी झेल्माला सांगितलं.
वाटलं, बरं वाटेल.
ती इतकी हसली की रांगेतला सार्जंट वळून बघू लागला.
म्हणाली, दर शरदात आम्हीच तर पेटवायचो.
पण आधी बघून घ्यायचो, आत कोण आहे.

तर फॉर्म.
नाव. गाडीचा नंबर. भेटीचं कारण.
शेवटचा रकाना: यजमान,
म्हणजे आतला कुणीतरी, जो तुमची हमी घेईल.
तिने सावकाश लिहिलं, पेलाजी.
मी विचारलं, कोणती तुकडी?
म्हणाली, आजी. आतच आहे ती.
क्रॉस आहे, कुंपण आहे, तुम्हीच गवत कापता.

संगणकाने लाल अक्षरांत सांगितलं,
या नावाची व्यक्ती तळावर नाही.
मी दोनदा टाकून पाहिलं, स्पेलिंग बदलून.
मागे रांग खाकरत होती.
मग त्या रकान्यात माझं नाव घातलं.
नियमात बसतं का, माहीत नाही.
माझे आजोबा नेब्रास्काचे.

दोन वाजता ती परतली, गुडघे मातीने भरलेले.
काउंटरवर तीन कंद ठेवले,
म्हणाली, यजमानाचे.
मला भाजता येत नाहीत.
ड्रॉवरमध्ये पडलेत, स्टेपलरच्या शेजारी.
परवा उघडून पाहिलं,
एकाला कोंब आलाय.