गुलामचोर

रिचमंडच्या ग्रंथालयाच्या तळघरात, मंगळवारी संध्याकाळी
आमचा वर्ग भरतो. अकरा जण, एक खोकणारा प्रोजेक्टर
आणि टॉलिव्हर बाई,
ज्या सिनेमा पुढे कमी नेतात, मागेच जास्त.

आज पांढऱ्या खांबांची हवेली. घेरदार झगे, व्हायोलिन.
नायिका रडतेय, युद्धात तिचं सगळं गेलं म्हणे.
"तिला सोडा," बाई म्हणतात, "डावा कोपरा बघा."
डाव्या कोपऱ्यात एक हात सरबत ओततो.
नुसता हात. कोपराशी चौकट संपते.
बाई तो मागे नेतात, पुन्हा मागे नेतात,
सरबत पेल्यातून उठून सुरईत परत जातं
सहा वेळा.
मग दिवे लावून विचारतात: हिला तहान लागली असेल?
कोणी बोलत नाही.
शेवटची नामावली आम्ही उभ्यानं वाचली. घोडे सांभाळणाऱ्याचं नाव होतं.

मग हात धुऊन कागदांकडे.
अठराशे साठची शिरगणती:
मालकाचं नाव वेलबुट्टीच्या अक्षरात, आणि खाली
स्त्री, चौतीस, काळी.
पुरुष, अकरा, काळा.
स्त्री, सात.
शिरगणती. आपला शब्द इथे किती तंतोतंत बसला,
शिरं मोजली, तोंडं राहिली.

माझ्या शेजारी ल्यूशियस हारग्रोव्ह, वय बहात्तर,
जन्मभर सिटी बस चालवलेले.
बोट कागदापासून केसभर वर धरून ओळी उतरतात.
दहा वर्षांनंतरच्या यादीत त्यांना पणजी सापडलीय:
केझाया, सतरा, धुणं धुते.
म्हणजे ह्या यादीत ती सात वर्षांची.
सात वर्षांच्या मुली तीन. मळे तीन.
"ह्यातली माझी कुठली?" ते विचारतात,
मला नव्हे, कागदालाच.

वर्तमानपत्रातलं कात्रण त्यांनी मला वाचायला दिलं,
त्यांचा चष्मा पुसायचा होता, निदान तसं म्हणाले.
शोध हवा. माझी आई, नाव रोडा. मला विकलं तेव्हा
अंगावर गोधडीचा तुकडा होता, तो अजून आहे.
पाळकांनी कृपया चर्चमध्ये वाचून दाखवावं.
युद्ध संपून तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

"तुमच्या भाषेत काय म्हणतात, स्लेव्हला?"
गुलाम, मी म्हटलं. आणि कसं कोण जाणे, सांगून बसलो:
मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गुलामचोर खेळायचो.
एक गुलाम काढून ठेवायचा, बाकी पानांच्या जोड्या लावायच्या,
ज्याची जोडी हरवलीय तो गुलाम ह्या हातातून त्या हातात,
प्रत्येकजण लपवणार, प्रत्येकजण खपवणार,
आणि शेवटी ज्याच्याकडे उरेल, त्याच्या नावानं टाळ्या पिटायच्या.
ल्यूशियस हसले नाहीत.
"जोडी हरवलेला," एवढंच परत म्हणाले,
आणि कात्रण घडीवर घडी ठेवून मिटलं.

एवढं मी सांगितलं. पुढचं नाही.
पुण्यात दोन वर्षं मोडी कागद वाचून मी पोट भरलं.
एक टिपण अजून डोळ्यांपुढे आहे:
कुणबीण एक, वर्षे बारा, रुपये चाळीस,
आणि त्याच ओळीत, तशाच शाईनं, म्हैस.
मी ते बाळबोधीत उतरवलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं.
चहाला गेलो.
तिचं नाव होतं की नव्हतं, आठवत नाही.

ल्यूशियस मला घरी सोडतात. जिथे लिलाव चालत
त्या उतारावर आता गाड्या लावतात, तासाला अमुक.
ते सावकाश चालवतात. बंद झालेल्या थांब्यांपाशीसुद्धा
त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो,
कोणी चढणार असेल तर.
नदीवरचा पूल आला तेव्हा मी म्हटलं,
मिस्टर हारग्रोव्ह, आमच्याकडे पण एक कागद आहे.

ते काही बोलले नाहीत.
पुढे थांबा नव्हता,
तरी गाडी हळू झाली.