बुचाचं रान

साल काढताना आधी ऐकायला शिकवतात.
कुऱ्हाड टेकवायची, मूठ किंचित पिळायची
आणि कान द्यायचा.
सुटणारी साल कोरडं, पोकळ बोलते.
चिकटलेली मुकीच.
मुकं झाड सोडून द्यायचं, पुढच्या उन्हाळ्यात बघू.

कोरुशच्या रानात चाळीस उन्हाळे हेच केलं मी,
बापाच्या कुऱ्हाडीनं,
आणि आतल्या जिवंत कातडीला धक्का लावला नाही,
तीनदा सोडून.
ती तीन झाडं मला अजून ओळखू येतात.

एव्होराच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
डावीकडची नस वाचली, सेन्योर बेल्मिरो,
उजवीकडची घ्यावी लागली.
मी विचारलं, आवाज कसा आला?
त्यांना वाटलं, भूल अजून उतरली नाही.

गाठ गेली. रक्तातला आकडा खाली आला.
जो तो म्हणाला, जीव वाचला, आणखी काय हवं?
आणखी काय हवं ते
एकसष्टाव्या वर्षी
कुणाच्या दारात जाऊन सांगू?

नऊ दिवस नळी. मग पॅड.
देओलिंदा ते पलीकडच्या गावातून आणायची,
इथला दुकानदार माझा मावसभाऊ.
रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपायची,
रागानं नव्हे,
माझ्यावर ओझं नको म्हणून.
आणि मी तिच्याकडे पाठ करून,
तिला आशा नको म्हणून.
मधे हातभर जागा उरली,
तिथे मांजर येऊन झोपायला लागलं.

नर्स ग्रासिएतनं पंप दिला:
पारदर्शक नळकांडं, सायकलच्या पंपाचा लांबचा भाऊ.
रोज दहा मिनिटं, उमेद असो नसो.
रक्ताला वाट विसरू द्यायची नाही, म्हणाली.
मी तो अवजारांच्या खोलीत लपवला, सहाणेमागे.
तिथेच देओलिंदानं मला पकडलं:
विजार घोट्यांवर,
नाकावर चष्मा,
हातात माहितीपत्रक.
ती आधी दाराला टेकली, मग खालीच बसली,
हसून हसून डोळ्यांत पाणी,
मग मलाही आवरेना,
आणि हसलो की मला गळती,
आणि गळती बघून ती आणखीच.
पाच महिन्यांत त्या घरात
तेवढा आवाज झाला नव्हता.

पंप घरात आला,
तिच्या जपमाळेशेजारी.

साल काढली की आम्ही खोडावर आकडा रंगवतो,
वर्षाचा शेवटचा, पांढऱ्या रंगात.
मग नऊ वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही.
मी तिला म्हटलं, माझ्यावर कुठला लिहितेस?
ती म्हणाली, झाडाला बायको नसते, बेल्मिरो.
झाड थांबेल नऊ वर्षं.
मला तेवढा वेळ नाही.

आणि मांजराला दाराबाहेर काढलं.

त्या रात्री काही उठलं नाही.
गोळीनं नुसतंच डोकं दुखलं.
पण तिचा हात घाईत नव्हता,
ओल्या कणकेतून गुठळी शोधावी तसा,
आणि काहीही उभं न राहता,
एक थेंबही न सांडता,
मी पोचलो.
हे असं होऊ शकतं, हे मला
कुणीच सांगितलं नव्हतं.
तिला वाटलं मी रडतोय.
तसंही होतं थोडं.

सतराव्या महिन्यात, मे संपताना, पहाटे,
रानाकडे जायला अजून अवकाश,
अर्धवट झोपेत मला जाणवलं:
अर्धंमुर्धं,
डावीकडे किंचित कललेलं.
मी हललो नाही.
श्वासही जपून घेतला.
ती घोरत होती.
मिनिटभर असेल, फार तर दोन,
मग गेलं.

अकरा वाजता स्वयंपाकघरात सांगितलं तिला.
ती बटाटे सोलत होती.
सुरी थांबली.
मग? मला का नाही उठवलंस?
म्हणाली,
आणि लांबलचक साल फेकून मारली तोंडावर.