दारू निवडताना

फोनवर शालनला म्हणालो, दारू निवडतोय.
पलीकडे एकदम सामसूम.
मग हळूच, "तिकडे मिळते?"
अगं ती नव्हे. बंदुकीची.
यावर ती आणखीच गप्प.

निझवा. दुपारचे तीन.
किल्ल्यामागच्या गल्लीत खलफानच्या दुकानाचं शटर
गुडघ्यापर्यंत ओढलेलं, आत एसी खोकतोय,
माझ्यापुढे तीन डबे आणि एक काटा.
मी कारेकर, जातीचा सोनार.
मत्रहच्या बाजारात एकोणीस वर्षं
ग्रॅममध्ये जगलो, ग्रॅममध्ये झोपलो.
आता उतारवयात ग्रेन शिकतोय.
दोन ग्रेनला एक गुंज, थोडं इकडेतिकडे.
म्हणजे फिरून आजोबांच्या लाल बियांपाशीच आलो.
डोळे अधू झालेत, मी आधीच सांगितलं होतं.
खलफान म्हणाला, चष्मा आहे की.
श्वास धरता येतो ना?

पहिल्या डब्यातली गोल, खसखशीसारखी.
मापातून अशी घरंगळते की हात खूश होतो.
मी म्हटलं, हीच घेऊ.
तो म्हणाला, हिनेच माझं तोंड काळं केलं.
जूनमध्ये इथल्या उन्हात बंदूक जुळवली,
तापलेल्या लोखंडात ही वळूसारखी धावली.
ऑगस्टात टांगाच्या डोंगरात, गार पहाटे,
तीच दारू, तीच बंदूक,
गोळी चार बोटं खाली.
मोठं शिंगांचं हरीण. पडलं नाही.
दोन दिवस रक्तामागे चाललो, म्हणाला,
आणि डब्याचं झाकण
गरजेपेक्षा जास्त घट्ट लावलं.

दुसरी चपटी, लाखेच्या पापुद्र्यांसारखी, डोक्याने तापट.
चिमूटभर पुरते. पैसे वाचतात.
पुंगळी अर्धी रिकामी राहते,
आणि मेख तिथेच आहे.
मध्येच कुणी हाक मारली, चहा आला,
की त्याच पुंगळीत पुन्हा ओतशील
आणि वरून काही दिसणार नाही.
भिंतीवर खिळ्याला एक नळी लटकते,
केळ्यासारखी सोललेली.
दुकानात सगळ्याला किंमतीची चिठ्ठी आहे,
हिला नाही.
मीही विचारली नाही.

तिसरी म्हणजे शेवयांचा चुरा.
मापात अडकते, करकरते,
प्रत्येक वेळी काट्यावरच घ्यावी लागते.
ऊन असो, थंडी असो, सावकाश पेटते,
घाई नावाचा प्रकार तिला ठाऊक नाही.
गळ्यापर्यंत भरते पुंगळी.
जास्त झाली तर सांडते,
टेबलावर, सगळ्यांदेखत.
खलफान म्हणाला, मला असली हवी.
चूक झाली तर जिची बोंब होईल अशी.

मला आमच्या शेटजींचा काटा आठवला,
ज्यात कधीच काही सांडलं नाही.

तर आता संध्याकाळ. अजान होऊन गेली.
पुस्तकातला आकडा खलफान दोनदा वाचतो,
त्याच्याही खालून सुरुवात करतो,
एसी बंद करतो, कारण वाऱ्याने काटा हलतो.
घाम नाकावरून ओठावर येतो, पुसायचा नाही.
तो म्हणतो, "मोजा."
मोजतोच आहे, मी म्हणतो.
तो हसतो. जंगबारला जन्मलेला माणूस,
आकडे अजून तिकडचेच येतात तोंडात.
त्याच्या भाषेत मोजा म्हणजे एक.
पुढचा बिली, मग तातू.
दर वेळी पहिल्या पुंगळीला मी फसतो.

एक काडी जास्त झाली.
जुन्या चिमट्याने उचलली, दिव्यापुढे धरली.
सोन्याचा एवढा कण असता तर नखाखाली गेला असता,
आणि मी तो काढायलाही विसरलो असतो.
काडी डब्यात टाकली.
काटा दोन-तीनदा डुलला, उभा राहिला.

फोन वाजतोय. शालन.
"अरे, ते हरीण सापडलं का शेवटी?"
हाताने फोन झाकून मी खलफानला विचारलं,
मोडक्या अरबीत, बाकीचं खुणांनी.
त्याने ऐकलं. नक्की ऐकलं.
रिकाम्या पुंगळ्यांची नवी रांग
माझ्याकडे सरकवली, आणि म्हणाला,
मोजा.