सैल

इन्व्हर्टरच्या पेटीत काचेचा एक केस आहे.
एदुविना तो उचलते तेव्हा दिसत नाही,
दिसतात नुसती जुळलेली दोन बोटं,
चिमूटभर मीठ घेतल्यासारखी.

बाहेर मारिया एलेनाचा माळ,
दिवसभर पश्चिमेकडे माना वळवत नेणारी पॅनेलं.
आत हजार व्होल्टचा कालवा.
तांब्याची तार इथे नेली
तर तिला स्वतःचंच ऐकू येत नाही.
काच बहिरी, म्हणून बरी.
तिच्यातून फक्त उजेड जातो,
आणि केसावर कोरलेल्या खाचा
त्यातला एकच रंग माघारी धाडतात,
डोळ्याला न दिसणारा.
पेटी तापली की तो रंग सरकतो
अंशाला दहा पिकोमीटर.
म्हणजे किती?
देवाला विचार, नोल्बेर्तो म्हणाला होता,
मग थांबून :
त्याच्याकडेही एवढी बारीक पट्टी नसेल.

काल रात्री पावणेतीनला
सात नंबरच्या पेटीतून चौऱ्याण्णव अंश.
रात्री!
सूर्य पृथ्वीच्या पाठीमागे,
पंखे बंद, पाण्याच्या बाटलीत बर्फाची साय.
ती अकरा किलोमीटर गाडी हाकत गेली,
सगळं बंद आहे ना, दोनदा तपासलं,
आणि हातमोजा काढून तळवा टेकवला.
थंडगार.

मग बॅटरीच्या उजेडात तो प्लास्टिकचा पट्टा.
मार्चमध्ये तिनेच बांधलेला,
नीटनेटका, घट्ट, कुणीही शाबासकी द्यावी असा.
थंडीने आक्रसून
त्याने केस ओढून धरला होता.

तापलं नव्हतं काही.
ताणलं होतं.
काचेला दोन्ही सारखंच.
ती खोटं बोलत नाही,
तिच्याकडे शब्दच एक आहे.

पक्कडीचा एक चिमटा.
आकडा उतरत गेला, एकसष्ट, तीस,
तीनवर येऊन बसला.
तिने केसाला थोडी ढील दिली, थोडा बाक,
निजलेल्या माणसाच्या हातासारखा.

नोंदवहीत कारणाचा रकाना अरुंद असतो.
तिने लिहिलं : पट्टा. मी बांधलेला.

कालामाला अजून कुणी उठलं नसेल.
एलिसेओचा आवाज गेले पंधरा दिवस
फोनवर वेगळाच येतोय,
काही नाही म्हणतो, आई, काही नाही.
सोमवारच्या बसने तिने त्याला
गोळ्या पाठवल्या होत्या,
तापाच्या.